उसनी छडी

जादूच्या शाळेत प्रवेश मिळवायची पहिली अट म्हणजे आईवडील हयात नसावेत. आपल्याकडे बालवर्गाच्या प्रवेशाला आधी आईबापांची मुलाखत होते, मूल नंतर. जादूच्या शाळांना मात्र पालक ही भानगडच नको असते. पालक आले की पालकसभा आली, व्हॉट्सॲपचा ग्रुप आला, ‘उद्या उडायच्या तासाला पांढरा टीशर्ट की हाउसचा?’ असं रात्री अकराला विचारणारी एक आई आली. या गदारोळात काळोखाच्या सम्राटाशी लढायला नायकाला सवड कुठून मिळणार? म्हणून लेखक पहिल्या प्रकरणाआधीच दोघांना वाटेला लावतो. दुसरी अट, नायकाच्या अंगावर कुठेतरी खूण हवी. तिसरी, आपण कोण आहोत हे त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक हवं.

एवढ्या अधिकाराने बोलतोय, कारण मुलांसाठीच्या कादंबऱ्यांच्या एका स्पर्धेचं परीक्षकपण मी पत्करलं होतं. मानधन : शाल आणि श्रीफळ. आलेल्या बाडांचा गठ्ठा उघडला तर त्यात पऱ्या नव्हत्या, राजपुत्र नव्हते, ससा-कासव तर केव्हाच सेवानिवृत्त झालेले. शाळा होत्या, जादूच्या. कोणाची हिमालयात, कोणाची सह्याद्रीच्या कुशीत, एकाची चक्क लोणावळ्याजवळ, एक्स्प्रेसवेवरून उतरलं की डाव्या हाताला. प्रत्येक शाळेत चार हाउस आणि त्यातलं एक वाईट. सगळी वाईट मुलं एकाच ठिकाणी कोंबायची ही कल्पना कोणा शिक्षणतज्ज्ञाला सुचली असेल ते असो. आमच्या शाळेत तिला ‘ड तुकडी’ म्हणत.

या गठ्ठ्यात सर्वांत जास्त हाल झाले ते मावशीचे. हॅरी पॉटरला जिन्याखालच्या कपाटात झोपवणारी बाई त्याची सख्खी मावशी आहे. ‘माय मरो आणि मावशी उरो’ म्हणणाऱ्या मुलखात हे पचवायचं कसं? एका लेखकाने मावशीला दुष्ट करून पाहिलं, पण त्याचं मन त्याला खात असावं. तिसाव्या पानावर मावशी पोराच्या भातावर तूप वाढू लागली आणि कथेतला अन्यायच संपला. दुसऱ्याने जबाबदारी मामावर टाकली. मामाच्या गावाला जायचं म्हटल्यावर मराठी मूल खूश होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. फक्त एका बाईंनी नायकाला काका-काकूंकडे ठेवलं आणि एकाएकी पानं बोलू लागली. काकाला पोराचा राग बिलकूल नाही. वाड्याची वाटणी झालेली नाही आणि सातबाऱ्यावर पोराच्या बापाचं नाव अजून तसंच आहे, एवढंच. काका तलाठ्याकडे खेपा घालतोय, काकू पाहुण्यांना ‘पोर जरा अशक्त आहे हो, बाहेर काढत नाही’ असं सांगतेय, आणि माळ्यावर जुन्या ट्रंकांमध्ये झोपलेलं पोर खालची सगळी बोलणी ऐकतंय. मी ताठ बसून वाचू लागलो. तेवढ्यात खिडकीतून घुबड पत्र घेऊन आलं आणि बाईंनी सातबारा जो टाकला तो पुन्हा हाती घेतलाच नाही.

हे घुबडही तसंच. इंग्लंडात ते टपाल खात्यात लागलं म्हणून आपल्याकडे लागेल असं नाही. आपल्या घरावर घुबड बसलं तर आजी आधी मीठ-मोहऱ्या ओवाळील, मग गुरुजींना फोन करून शांतीचा मुहूर्त विचारील. त्याच्या पायाला पत्र बांधलंय हे बाराव्या दिवसानंतर कोणाच्या तरी ध्यानात येईल.

माझे सहपरीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवून एका दमात निकाल लावला. “हे सगळं त्या रोलिंगबाईंचं आहे. कॉपी केस. सगळे बाद.”

“मग सर, आधी बाईंचीच झडती घ्यावी लागेल,” मी म्हणालो.

सरांना हे आवडलं नाही. पण शाल दोघांनाही मिळणार होती, त्यामुळे मला बोलायचा हक्क होता.

बाईंचं पहिलं पुस्तक आलं जून १९९७ मध्ये. कितीतरी प्रकाशकांनी परत पाठवलेलं, ब्लूम्सबरीने घेतलेलं, पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छपाईत अवघ्या ५०० प्रती काढलेलं. कल्पना सुचली १९९० साली, मँचेस्टरहून लंडनला येताना, गाडी लेट झाली म्हणून. या न्यायाने कल्याण-कसारा मार्गावर आजपावेतो पाच-पन्नास महाकाव्यं तरी व्हायला हवी होती. पण तो रेल्वेचा प्रश्न झाला.

गाडी लेट व्हायच्या कितीतरी आधी, १९६८ साली, अमेरिकेत उर्सुला ल ग्विन यांनी ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहिली. गेड नावाचा आडगावचा पोरगा बोटीतून रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो. तिथे मोठ्या घरचा एक खवचट मुलगा त्याला डिवचतो. ईर्षेला पेटून गेड नको ते मेलेल्यांच्या जगातून बोलावून बसतो आणि चेहऱ्यावर जन्माचे व्रण घेऊन उठतो. पुढे हॅरीचा डंका वाजला तेव्हा ल ग्विनबाईंनी चोरीचा आरोप केला नाही. समीक्षकांना हे सगळं अगदी नवं कोरं कसं वाटलं, याचंच त्यांना नवल होतं. शिवाय रोलिंगबाईंनी पूर्वसुरींचं ऋण जरा मोकळेपणाने मानलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्या बोलल्या. आपल्या साहित्य संमेलनातल्या एखाद्या ज्येष्ठ कवयित्रीच्या तोंडी शोभेल असं हे दुःख आहे.

१९७४ साली इंग्लंडातच जिल मर्फी यांचं ‘द वर्स्ट विच’ आलं. डोंगरमाथ्यावर किल्ल्यासारखी शाळा, मायाळू मुख्याध्यापिका, काढे शिकवणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या खडूस बाई, सोनेरी केसांची नाक वर असलेली वर्गमैत्रीण आणि या सगळ्यांत मिल्ड्रेड नावाची वेंधळी मुलगी. सगळ्यांना काळं मांजर मिळतं, हिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचं. मर्फीबाईंनी हे लिहायला घेतलं तेव्हा त्या स्वतःच शाळकरी होत्या आणि खडूस बाई शोधायला त्यांना कॉन्व्हेंटच्या कंपाउंडबाहेर जावं लागलं नसणार.

मग १९९४ मध्ये ईव्हा इबॉट्सन यांची कादंबरी. किंग्ज क्रॉस स्टेशन, १३ नंबरच्या फलाटाखाली जादूच्या राज्याचा दरवाजा, एक लाडावलेला गोलमटोल मुलगा आणि त्याच घरात राबणारा एक गरीब पोर. तीन वर्षांनी त्याच स्टेशनात पावणेदहा नंबरचा फलाट निघाला. इबॉट्सनबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, रोलिंगबाई भेटल्या तर हस्तांदोलन करीन. लेखक एकमेकांकडून घेतच असतात. (दादरला २०२३च्या डिसेंबरात मध्य रेल्वेच्या फलाटांना ८पासून पुढचे नंबर दिले, तेव्हा नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये कित्येक प्रवासी खरोखरच नाहीसे झाल्यासारखे फिरत होते. त्यांतल्या एकाचीही कादंबरी आलेली नाही.)

“आणि घुबड?” सरांनी विचारलं. आता ते जरा सावरून बसले होते.

घुबडाचं प्रकरण तर आणखी जुनं आहे. १९९० साली नील गेमन यांच्या कॉमिकमध्ये विस्कटलेल्या केसांचा, चष्मा लावणारा इंग्रज मुलगा आहे, त्याला जादूची वाट दाखवली जाते आणि त्याच्याजवळ घुबड असतं. लोक गेमनना जाऊन म्हणाले, करा दावा. त्यांनी सांगितलं, आम्ही दोघांनीही टी. एच. व्हाइटच्याच विहिरीचं पाणी शेंदलंय. व्हाइटचं पुस्तक १९३८चं. त्यात मर्लिन नावाचा म्हातारा जादूगार एका पोरक्या पोराला मासा कर, पक्षी कर असं करत शिकवतो आणि त्याच्या खोलीत घुबड आहे. ते बोलतं आणि कोणाचं पत्रबित्र पोहोचवत नाही.

पण सर, खरी मालमत्ता याच्याही मागे आहे. १८५७ मध्ये थॉमस ह्यूज यांनी ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली. रग्बीची निवासी शाळा, थोर हेडमास्तर, जिवाभावाचा दोस्त आणि धाकट्या पोरांना शेकोटीपुढे धरून भाजणारा फ्लॅशमन नावाचा दांडगट. पुढे १९४६ पासून एनिड ब्लायटन यांनी मॅलरी टॉवर्समध्ये मुलींना ट्रंकांसकट गाडीत बसवलं, रात्री बाराला चोरून खाऊ खायला लावला, फ्रेंच बाईंच्या खोड्या काढायला लावल्या. आपल्याकडच्या कित्येक आयांनी ही पुस्तकं गादीखाली दडवून वाचलीत. यातल्या मुलींच्या हाती झाडू दिला, तर पुढचं सगळं आपोआप होतं.

जादू ही या कादंबऱ्यांतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे, असं माझं मत होत चाललंय. मंत्र कोणीही रचतो. दोन लॅटिन वाटणारे शब्द घेतले, शेवटी ‘ओ’ किंवा ‘उस’ लावलं, की झालं काम. गठ्ठ्यातल्या एकाने ‘प्रज्वलम् फटाकम्’ असा मंत्र घातला होता आणि तो चालत होता. महाग असते ती शाळा. डबा कोणाशेजारी बसून खायचा, मास्तर कोणाचे गुण उगाच कापतो, गृहपाठ कोणाचा छापायचा, सुट्टीत घरी जायची इच्छा नसलेला मुलगा काय करतो. वाचणाऱ्या पोराचे प्राण यात गुंततात, कारण हे त्याला सोमवार ते शनिवार भोगावं लागतं. रोलिंगबाईंना हे पुरेपूर कळलं होतं. राक्षसाशी झुंजा, सैतानाला पळवून लावा, पण जून आला की वार्षिक परीक्षा आहेच. दुसऱ्या भागाच्या शेवटी संकट टळल्याच्या आनंदात शाळा परीक्षाच रद्द करून टाकते. अख्ख्या मालिकेत याहून मोठा चमत्कार नाही. आणि त्या घोषणेवर हळहळणारी एकच मुलगी असते, हेही अस्सल. ती प्रत्येक वर्गात पहिल्या बाकावर सापडते.

नकलाकार नेमकी छडी उचलतात आणि शाळा तिथेच सोडून येतात. लोणावळ्याच्या त्या शाळेत शेवटपर्यंत एकही तास झाला नाही. घंटा नाही, हजेरी नाही, मधली सुट्टी नाही. मुलं आली कधी, जेवली काय, काही पत्ता नाही. पहिल्या दिवसापासून सगळी सम्राटाच्या मागे. अशा शाळेला मान्यता दिली कोणी?

कोर्टांना या बारकाव्यांशी देणंघेणं नसतं, त्यांच्यापुढे कागद येतात. रशियात २००२ साली दिमित्री येमेत्स यांनी तान्या ग्रोतेर आणली. अनाथ मुलगी, नाकावर खूण, जादूची शाळा आणि झाडूऐवजी उडायला माणसाएवढं व्हायोलिनसारखं वाद्य. लेखक म्हणाला, हे विडंबन आहे. नेदरलँड्सच्या कोर्टाने २००३ मध्ये डच आवृत्ती अडवली. पण रशियात तिचे भागामागून भाग येत राहिले आणि पोरं ते वाचत राहिली. चीनमध्ये त्याच सुमारास रोलिंगबाईंच्या नावावर एक पुस्तक निघालं, त्यात हॅरी आंबटगोड पावसात भिजून केसाळ बुटका होतो. पुढचा मजकूर बहुतेक टॉल्किनच्या ‘हॉबिट’मधला, फक्त नावं बदललेली. एकाच पुस्तकात दोन लेखकांना बुडवायची ही काटकसर मला आवडली.

याच्या उलटंही झालं. नॅन्सी स्टाउफर नावाच्या अमेरिकन लेखिकेने दावा केला की ‘मगल’ हा शब्द आधी आपला आणि आपल्याकडे लॅरी पॉटर नावाचा मुलगाही आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने तपासलं तर पुराव्याच्या कागदांतच मागाहून भर घातलेली. स्टाउफरबाईंना वर ५० हजार डॉलरचा दंड झाला. अस्सलपणाचा दाखलाच बनावट निघावा, हे बाईंना कथेत कधी सुचलं नसतं.

आपल्या देशाचीही हजेरी लागली. २००७च्या दुर्गापूजेला कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एका मंडळाने हॉगवर्ट्सचा मांडव उभारला. वॉर्नर ब्रदर्स आणि रोलिंगबाई २० लाखांची भरपाई मागत दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने उत्सव होऊ दिला, पुढल्या खेपेला परवानगी घ्या म्हणून बजावलं. आपल्या गणेश मंडळांच्या देखाव्यांवर जर जगभरातले राजवाडेवाले आणि सिनेमावाले असे दावे लावू लागले, तर पुण्यातल्या वकिलांना भाद्रपदात झोप मिळणार नाही. पुढच्याच वर्षी ‘हरी पुत्तर’ नावाच्या हिंदी सिनेमावर वॉर्नरने दावा लावला. न्यायालय म्हणालं, पॉटर वाचणाऱ्या प्रेक्षकाला फरक कळतो. गंमत म्हणजे या हरीला जादूशी काही घेणंच नव्हतं. घरात एकटा राहिलेला पोरगा चोरांना चोप देतो, अशी ‘होम अलोन’च्या वळणाची गोष्ट. चोरीचा आरोप झाला तो भलत्याच घरचा.

“कायदा काय म्हणतो?” सर.

आपलं सर्वोच्च न्यायालय १९७८ मध्येच एका नाटक-सिनेमाच्या भांडणात सांगून बसलंय की कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या रीतीवर असते. सर म्हणाले, “आम्ही दहावीच्या पेपरात उत्तरं तपासताना अगदी हेच धोरण ठेवायचो. मांडणी शेजारच्यासारखी असली की शून्य.”

सगळ्यात जुनं प्रकरण मात्र कोर्टात न जाता शापावर मिटलं. जादूच्या शाळेतला माझ्या माहितीतला पहिला विद्यार्थी म्हणजे महाभारतातला कच. याचे वडील हयात, आणि नुसते हयात कसले, प्रतिस्पर्धी संस्थेचे प्राचार्य : देवगुरू बृहस्पती. शुक्राचार्यांकडे मेलेल्याला उठवायची संजीवनी विद्या आहे, ती काढून आणायला देवांनी पोराला तिकडेच भरती केलं. आणि याने खरं नाव, खऱ्या बापाचं नाव सांगून प्रवेश मागितला, शुक्राचार्यांनी तो दिला. आजचा कुठलाही क्लासवाला देणार नाही. वर्गमित्र असुरांनी एकदा त्याला मारून लांडग्यांना घातलं, एकदा चूर्ण करून समुद्रात कालवलं, तिसऱ्यांदा जाळून राख गुरूंच्याच मद्यात मिसळली. ही रॅगिंगची परंपरा पाहता फ्लॅशमन म्हणजे बालवाडीतलं पोर. दर वेळी गुरूंची मुलगी देवयानी रडायची आणि दर वेळी गुरुजी शिष्याला उठवायचे. तिसऱ्यांदा तो गुरूंच्या पोटातूनच ‘हजर’ म्हणाला. मग गुरूंनी पोटातल्या पोटात त्याला मंत्र शिकवला, तो पोट फाडून बाहेर आला आणि पहिलं प्रात्यक्षिक म्हणून गुरूंनाच जिवंत केलं. अभ्यासक्रमही पूर्ण झाला, परीक्षाही झाली, परीक्षक मरून उठला.

खाडिलकरांनी १९१३ मध्ये यावरच ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणलं. त्यात शुक्राचार्यांच्या मद्याचा भाव वधारला. व्यासांची कॉपी केली म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

मला कचाच्या गोष्टीतलं शेवटचं भांडण फार आवडतं. लग्नाला नकार दिला म्हणून देवयानी कचाला शापते : ही विद्या तुला फळणार नाही. कच थंडपणे म्हणतो, ठीक आहे, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. झालं. हरणाचा खटला निकालात निघाला आणि देवांचं कामही झालं.

हे मी सरांना सांगत होतो तेव्हा माझ्या हातात गठ्ठ्यातलं शेवटचं बाड होतं : एका तालुक्याच्या गावच्या बारा वर्षांच्या मुलीची लाँगबुक. मागच्या पानांवर गणिताचा सराव तसाच. तिने हॅरी वाचला होता हे लपत नव्हतं. छडी होती, उडता झाडू होता, कपाळावर खूणही होती, फक्त ती नळावरच्या भांडणात लागलेली. पण तिची शाळा जिल्हा परिषदेची होती, दोन शिक्षकी, चार इयत्ता एका खोलीत. रूपांतराचे गुरुजी एका मुलाचा बोकड करून दाखवत असतात. अर्ध्यातच त्यांना निवडणुकीच्या कामाचा आदेश येतो. गुरुजी तीन आठवड्यांसाठी तालुक्याला निघून जातात आणि मुलगा कमरेखाली बोकडच राहतो. दुसऱ्या बाईंना रूपांतर येत नाही, त्यांचा विषय परिसर अभ्यास. मुलगा दुपारी पोषण आहाराची खिचडी खातो आणि उरलेल्या वेळात हजेरीपटाचा कोपरा. केंद्रप्रमुख तपासणीला येतात आणि पेच पडतो : हा पटावर दाखवायचा की पशुगणनेत? ॲपवर माहिती भरायला घेतली तर रकाना एकच. बाई त्याला टेबलाच्या मागे बसवतात, म्हणजे वरचाच भाग दिसेल. काळोखाचा सम्राट शेवटच्या दोन पानांत घाईघाईने येतो. शाळा बंद पाडायला आलोय म्हणतो. बाई चहा पुढे करून सांगतात, पट वीसच्या खाली गेलाय, ती तशीही बंद होणार आहे. सम्राट चहा पिऊन परत जातो.

नायिकेची आई जिवंत आहे. शाळेत खिचडी तीच शिजवते.

मी म्हटलं, पहिला नंबर. सर म्हणाले, “झाडू कोणाचा आहे?” मी म्हटलं, झाडू युरोपातल्या चेटकिणी रोलिंगबाईंच्या खापरपणजीच्या आधीपासून उडवतायत, तो कोणाच्या नावावर नाही. सर म्हणाले, “छडी?” मी म्हटलं, छडी तुमची, सर. तीस वर्षं तुम्हीच वापरलीत. सरांनी लाँगबुक माझ्या हातातून ओढून घेतली, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. बऱ्याच वेळाने खिशातून लाल पेन काढून समासात काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं.

‘मतदानाच्या कामाला तीन आठवडे लागत नाहीत. मतदार यादीचं काम असेल तर लागतात. गुरुजींचा आदेश नेमका कुठला, हे स्पष्ट करावे.’

“पहिला नंबर द्या,” सर म्हणाले, “पण ही दुरुस्ती झाल्याशिवाय छापायचं नाही. शिक्षक वाचतील, त्यांना पटलं पाहिजे.”

“आणि बोकड, सर?”

“त्याला काय झालं? त्याचं बरोबर आहे.”